शिक्षकांचा शिक्षक होताना



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी नोकरीचा पूर्वार्ध जिल्हा परिषदेच्या शाळांत काढला आणि उत्तरार्ध अध्यापक विद्यालयात. त्यामुळे त्यांच्या आठवणी सांगणारी माणसं दोन तऱ्हांची आहेत. कुणी त्यांच्याकडे बाराखडी शिकलं, कुणी बाराखडी शिकवायची कशी ते शिकलं. आज या सभागृहात दोन्ही तऱ्हांची मंडळी बसली आहेत. पहिल्या कामातून दुसऱ्या कामात जाताना माणसाचं नेमकं काय होतं, त्याच्या हातून काय सुटतं आणि त्याला नव्यानं काय कमवावं लागतं, यावर बोलायचं मी ठरवलं. मीही त्याच वाटेनं आले, म्हणून हा विषय मला जवळचा आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. शाळेतला एखादा उत्तम शिक्षक आपण हेरतो आणि इतर शिक्षकांना शिकवायला त्याला उभं करतो. आपल्या लेखी ही बढती असते. प्रत्यक्षात त्या दिवशी त्याचा व्यवसाय बदललेला असतो आणि नव्या व्यवसायाचं शिक्षण त्याला कुणीही दिलेलं नसतं. मग तो जुन्या पुण्याईवर काम चालवतो. वर्गात जे कमावलं ते सांगत राहतो. ती पुण्याई वर्षा-दोन वर्षांत सरते, आणि त्यानंतर तो एक तर साहेब होतो किंवा वक्ता होतो. चांगले शिक्षक असे आपल्या डोळ्यांदेखत हरवतात, आणि त्याचा दोष आपण त्यांच्या स्वभावाला देतो. दोष स्वभावाचा नाही. मधला रस्ता आपण बांधलेलाच नाही.

हा रस्ता चालणारे थोडेथोडके नाहीत. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यात शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपली डाएट, उभी राहिली. नव्वदच्या दशकात दहाएक शाळांमागे एक केंद्रप्रमुख आला. राज्यात अशी ४,८६० केंद्रं झाली. सर्व शिक्षा अभियानात तालुक्याच्या गटसाधन केंद्रात साधनव्यक्ती आल्या. डाएटमध्ये प्रतिनियुक्तीवर विषय सहायक आले. याखेरीज प्रत्येक मोठ्या प्रशिक्षणाच्या वेळी काही दिवसांपुरते तज्ज्ञ मार्गदर्शक किंवा सुलभक म्हणून बोलावले जातात ते वेगळेच. यांतली बहुतेक माणसं काल-परवापर्यंत खडू हातात घेऊन मुलांसमोर उभी होती.

यात एक विसंगती आहे आणि ती मला फार खुपते. डाएटमधल्या अधिव्याख्यात्याची कायम जागा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भरली जाते. त्याच्याकडे बी.एड., एम.एड. असतं, पण पहिलीच्या वर्गाला त्यानं कधी शिकवलेलं असेलच असं नाही. ज्या बाईनं वर्षानुवर्षं पहिली-दुसरी सांभाळली, जिला पोर कुठल्या अक्षराला अडखळेल हे आधीच कळतं, तिच्यासाठी त्याच इमारतीत जागा असते ती प्रतिनियुक्तीची, कधीही संपणारी. एकाकडे पद आहे पण वर्गाचा अनुभव नाही, दुसरीकडे अनुभव आहे पण पद नाही. दोघेही नव्या व्यवसायात नवखे असतात, आणि दोघांनाही पहिल्याच आठवड्यात तज्ज्ञ म्हणून समोर बसवलं जातं.

आता अनुताई वाघांकडे येते. आपल्याकडे शिक्षिकेतून शिक्षकांची शिक्षिका झालेल्या बाईचं इतकं लख्ख उदाहरण दुसरं नाही, आणि त्यांच्याकडे या नजरेनं आपण फारसं पाहिलेलं नाही. १९१० साली मोरगावला जन्म. कोवळ्या वयात लग्न आणि लगेच वैधव्य. मग शिक्षण, शिक्षिकेचं प्रशिक्षण, आधी चांदवडला आणि नंतर पुण्याच्या हुजूरपागेत नोकरी. शहरातली चांगली शाळा, बांधलेला पगार, नावाजलेली शिक्षिका. १९४५मध्ये त्या ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला गेल्या. ताराबाईंनीही तोवर असंच एक स्थित्यंतर पचवलं होतं. राजकोटच्या बार्टन महिला अध्यापन महाविद्यालयाचं प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात शिरल्या होत्या, आणि १९२६मध्ये त्यांनी गिजुभाईंबरोबर नूतन बालशिक्षण संघ उभा केला होता.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण ज्यांच्यासाठी ती होती ती वस्तीतली मुलं तिथवर येईनात. तेव्हा या दोघींनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. मॉन्टेसोरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शंखशिंपले, खडे, बिया, पानं हीच साधनं झाली. १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मधोमध गेलं. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणणारी विकासवाडी झाली; गुरं राखणाऱ्या पोरांसाठी गुरं चरतात तिथेच शाळा नेणारी कुरणशाळा झाली. आणि त्याच टेकडीवर बालसेविकांचं प्रशिक्षणही चालू होतं.

यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट अगदी साधी आहे. बालसेविकांचा वर्ग आणि मुलांचा वर्ग हाकेच्या अंतरावर होते. सकाळी प्रशिक्षणार्थी जे ऐकत, ते लगेच तिथल्याच मुलांसमोर तपासून पाहता येई. मुलांनी ते नाकारलं तर अनुताईंना दुसऱ्या दिवशी आपलं म्हणणं बदलावं लागे. शिक्षकांची शिक्षिका होताना त्यांनी मुलं सोडली नाहीत. त्यांची ओळख पालटली ती मुलांच्या देखत पालटली. आपल्या व्यवस्थेत नेमकं उलट घडतं. प्रशिक्षक होणं म्हणजे मुलांपासून दूर जाणं, आणि जितकी बढती मोठी तितकं अंतर मोठं.

वर्ग सुटल्यावर माणसाच्या हातून काय जातं, हे ज्यांचा वर्ग सुटलेला नाही त्यांना पटकन कळत नाही. शिक्षकाला दिवसभर उत्तरं मिळत असतात. मी तोंडी उत्तरांविषयी म्हणत नाही. मुलांकडे पाठ करून फळ्याकडे वळलं की मागच्या बाकावरची कुजबुज सांगते, की आजचं डोक्यावरून गेलं. एखादीचे डोळे मोठे होतात आणि कळतं की लागलं. शिक्षकाला आपण शिक्षक आहोत हे रोज नव्यानं सांगणारी ही पोरं असतात. प्रशिक्षकाला असं सांगणारं कुणी नसतं. समोर बसलेले शिक्षक मोठी माणसं आहेत. ती मान डोलावतात, हजेरीपत्रकावर सही करतात, एसटीची वेळ बघतात आणि जातात. तुम्ही सांगितलेलं रुजलं का, हे कुठल्या तरी चाळीस किलोमीटरवरच्या द्विशिक्षकी शाळेत, सहा महिन्यांनी, कुणाच्या तरी दुसऱ्याच्या वर्गात ठरणार असतं. ते बघायला तुम्ही तिथे नसता.

माणसाला आपण काही करतो आहोत याची खूण लागते. ती आतून मिळेनाशी झाली की तो बाहेर शोधतो. टाळ्या मिळतात, अभिप्रायपत्रकावर ‘प्रशिक्षण अतिशय छान झाले’ असं लिहून मिळतं, मग तो टाळ्या मिळतील तसं बोलू लागतो. किस्से वाढतात, कविता येतात, सभा रंगते. असा तो वक्ता होतो. दुसऱ्याला ती खूण हुकमात सापडते. आपण शाळेत शिरलो की मुख्याध्यापक उठून उभे राहतात, नोंदवह्या पुढे येतात, चहा येतो. पाड्यावरचे लोक कालपर्यंत गुरुजी म्हणत, आज साहेब म्हणतात. असा तो साहेब होतो. दोघांचीही सुरुवात एकाच रिकामपणातून झालेली असते. हे मी टीका म्हणून सांगत नाही. मी अशी माणसं जवळून पाहिली आहेत. ती भली माणसं होती आणि त्यांना आपल्या वर्गाची आठवण येत असे.

पण सुटलेल्या वर्गाचं दुःख ही गोष्ट अर्धीच. उरलेली अर्धी म्हणजे नवं कौशल्य, आणि तिथे मला जरा थांबायचं आहे.

दुसरीच्या मुलाच्या वहीत एक वजाबाकी आहे : ५२ वजा २७. मुलानं उत्तर लिहिलंय ३५. अनुभवी शिक्षिकेला ते वाचायला क्षणही लागत नाही. पोरानं सातातून दोन घालवले, पाच. पाचातून दोन घालवले, तीन. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला. ती त्याला जवळ बसवते, काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडते, यातून सात दे म्हणते. दोनच सुट्या आहेत म्हणून मूल अडतं, एक गठ्ठा सोडतं, आणि पुढचं त्याचं त्याला दिसतं. ही बाई उत्तम शिक्षिका आहे. तिला प्रशिक्षक करा.

आता तिच्यासमोर चाळीस शिक्षक बसले आहेत. ती सांगते, मी माझ्या वर्गात गठ्ठे वापरते, तुम्हीही वापरा. शिक्षक लिहून घेतात. शाळेत जाऊन गठ्ठे बांधतात, फळ्यावर हातच्याचा नियम सांगतात आणि मधेच काड्या दाखवतात. मूल पुन्हा ३५ लिहितं. काय चुकलं? बाईंनी सांगितलं ते आपण काय करतो हे होतं. आपल्याला ते मूल कसं दिसलं, हे त्यांनी सांगितलंच नाही. ते त्यांना सांगता येत नव्हतं, कारण इतक्या वर्षांत ते पाहणं त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की आपण काही पाहतो आहोत हेही त्यांच्या ध्यानात येत नव्हतं. जे सहज जमतं ते उकलून दाखवणं फार कठीण असतं. वर्षानुवर्षांच्या सरावानं झाकलं गेलेलं पुन्हा उघडं करायचं, हेच प्रशिक्षकाचं पहिलं नवं काम.

म्हणून तीच शिक्षिका, पुरेशी घडल्यावर, वेगळं काही करील. ती शिक्षकांच्या हाती ती वही देईल आणि विचारेल : या मुलाला ६४ वजा ३८ दिलं तर तो काय लिहील? सुरुवातीला सगळे योग्य उत्तर सांगतात, २६. ती म्हणेल, तुमचं उत्तर नको, त्याचं सांगा. मग शांतता पसरते. कुणीतरी हळूच म्हणतं, ३४. का? आठातून चार, सहातून तीन. आणि ४० वजा १६? एव्हाना दोन-तीन आवाज एकदम येतात, ३६. खोलीत काहीतरी बदलतं. मुलाची चूक म्हणजे अंदाधुंदी नव्हे, त्यात एक नियम आहे, तो नियम त्यानं स्वतः बांधलाय, हे प्रौढ माणसांनी स्वतःच्या तोंडानं उलगडलेलं असतं. त्यानंतर गठ्ठ्यांची गोष्ट काढावी. आता गठ्ठा कशासाठी, हे त्यांना विचारावंसं वाटतं.

यातही एक तिसरा पदर आहे. समोरच्या चाळिसांतल्या कुणाला मनोमन वाटत असतं की वस्तीतली पोरं गणितात कच्चीच असणार. हा समज तो बोलून दाखवणार नाही, पण त्याच्या शिकवण्यात उतरेल. मुलाच्या चुकीमागे जसा नियम असतो तसा शिक्षकाच्या वागण्यामागेही असतो. तो वाचणं, त्याला न दुखावता तो त्याच्यासमोर ठेवणं, ही प्रशिक्षकाची खरी विद्या. मुलांना शिकवताना ही विद्या शिकायची वेळ आपल्यावर येत नाही. म्हणून मी म्हणते की हा व्यवसायच वेगळा आहे.

इंग्लंडमधल्या जीन मरे आणि ट्रेव्हर मेल या अभ्यासकांनी २००५मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. शाळेतून निघून विद्यापीठात शिक्षक-प्रशिक्षणाच्या कामाला लागलेल्या २८ जणांशी ते बोलले. शाळा ही त्यांनी पहिली पातळी मानली आणि शिक्षक घडवणं ही दुसरी. पहिल्या पातळीवर जाणते असलेले हे लोक दुसऱ्या पातळीवर नवशिके होते, आणि नव्या भूमिकेत स्थिरावायला त्यांना दोन ते तीन वर्षं लागली. तोवर ते आपल्या जुन्या शिक्षकपणाला घट्ट धरून राहिले, कारण प्रशिक्षणार्थींसमोर तीच त्यांची पत होती. तिथली परिस्थिती आपल्याहून निराळी आहे. तिथे त्यांच्यावर संशोधनाचा दबाव असतो, इथे माहिती भरण्याचा. पण दोन ते तीन वर्षं हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे दोन-तीन वर्षांत विषय सहायकाची प्रतिनियुक्ती संपू शकते. माणूस नव्या कामात जेमतेम रुळतो तोच परत शाळेत जातो आणि त्याच्या जागी दुसरा नवखा येतो. स्थिरावलेला प्रशिक्षक आपल्या वाट्याला येतच नाही.

प्रशिक्षणात एक प्रश्न हमखास येतो. मागच्या रांगेतले, नोकरीची वीस-पंचवीस वर्षं झालेले कुणी गुरुजी हात वर करतात : “मॅडम, हे सगळं ठीक आहे. आमच्याकडे चार वर्ग आणि दोन शिक्षक. एकदा येऊन शिकवून दाखवा.” हा प्रश्न अनेकांना उद्धटपणा वाटतो. मला तो सबंध प्रशिक्षणातला सर्वांत प्रामाणिक प्रश्न वाटतो. त्या गुरुजींना विचारायचं असतं, तू अजून आमच्यातली आहेस का? या प्रश्नाला ‘मीही अमुक वर्षं शिकवलंय’ हे उत्तर पुरत नाही. दर वर्षी ते उत्तर जुनं होत जातं. पाठ्यपुस्तकं बदलतात, मुलं बदलतात, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर गेलेली आणि मधेच परतलेली मुलं वर्गात येतात. तुम्ही शाळा सोडलीत तेव्हाचा वर्ग आता तिथे नसतो.

“येते” असं म्हणावं आणि जावं. पण कशासाठी जायचं हेही ठरवून जावं. जुन्या पद्धतीचा आदर्श पाठ आपण सगळ्यांनी पाहिलाय : आधीच घोटून घेतलेली मुलं, रंगीत तक्ते, वेळेवर येणारी अचूक उत्तरं. त्यातून पाहणाऱ्याला एवढंच कळतं की हे आपल्याला जमायचं नाही. याच्या ऐवजी त्या गुरुजींच्याच चार वर्गांना, कच्च्या तयारीनं नव्हे पण अनोळखी मुलांसमोर, शिकवावं. जिथे फसेल तिथे थांबून सांगावं की इथे मला दोन वाटा दिसत होत्या, मी ही घेतली, कारण हे. तुम्ही कुठली घेतली असती? नेदरलँड्समधल्या लुनेनबर्ग, कोर्टहागेन आणि स्वेनेन यांनी २००७मध्ये प्रशिक्षकांच्या तासांचा अभ्यास करून दाखवलं की आपण वर्गात जे करतो ते का करतो, हे प्रशिक्षक क्वचितच बोलून दाखवतात. आपलंही तसंच आहे. गटकार्याचं महत्त्व आपण दोन तास भाषण करून सांगतो. शिक्षक त्यातून गटकार्य शिकत नाही, भाषण करणं शिकतो, कारण त्याला तेच अनुभवायला मिळालेलं असतं.

या सगळ्यावर आपल्या प्रशिक्षणांची उतरंड आणखी भार टाकते. राज्यस्तरावर काहीजण ऐकतात, ते जिल्ह्याला सांगतात, जिल्हा तालुक्याला, तालुका केंद्राला. शेवटच्या पायरीवरच्या शिक्षकापर्यंत मुख्यतः सादरीकरणाच्या स्लाइड्स पोचतात. पण मजकूर पातळ होतो एवढंच नुकसान नाही. मधल्या प्रत्येक पायरीवरच्या शिक्षकाला आपण सांगत असतो की तुझं काम निरोप पोचवण्याचं आहे. तुझं स्वतःचं पाहणं, तुझ्या वर्गातला पुरावा, तुझी शंका यांना इथे जागा नाही. चार-पाच वर्षं निरोप पोचवणाऱ्याला आपण स्वतः काही जाणतो असं वाटेनासं होतं, आणि मग तो वरून नवा निरोप कधी येतो याचीच वाट पाहतो.

हे दुखणं नवं नाही. १९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोगानं देशभराचं शिक्षण तपासलं. त्याचे सदस्य-सचिव होते आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक. शिक्षक-प्रशिक्षणाचं एकाकीपण त्या अहवालानं तिहेरी म्हणून दाखवलं : प्रशिक्षण संस्था विद्यापीठाच्या जीवनापासून तुटलेल्या, शाळांपासून तुटलेल्या आणि एकमेकींपासूनही तुटलेल्या. त्यानंतर जवळपास अर्ध्या शतकानं सर्वोच्च न्यायालयाला याच प्रश्नावर आयोग नेमावा लागला, आणि त्याचं निमित्त आपल्याच राज्यात घडलं. महाराष्ट्रातल्या २९१ डी.एड. विद्यालयांच्या मान्यतेचा वाद न्यायालयात गेला होता. न्यायमूर्ती वर्मा यांच्या अध्यक्षतेखालच्या त्या आयोगानं २०१२मध्ये अहवाल दिला, आणि शिक्षक घडवणाऱ्यांच्या स्वतःच्या घडणीकडेही लक्ष वेधलं. विद्यालयं किती, जागा किती, मान्यता कुणाला, याची चर्चा आपण खूप केली. तिथे शिकवायला उभा राहणारा माणूस कुठून आला आणि कसा तयार झाला, ही चर्चा मागेच राहिली.

उलट दिशेनं गेलेल्या एका बाईंचं नाव इथे घ्यायला हवं. लीलाताई पाटील. ना. सी. फडक्यांच्या कन्या म्हणून पुष्कळांना ठाऊक. माझ्या लेखी त्यांची ती ओळख दुय्यम आहे. अध्यापक महाविद्यालयात भावी शिक्षकांना शिकवण्यात आयुष्याची उमेदीची वर्षं घालवल्यावर त्यांनी १९८५मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय काढलं आणि लहान मुलांच्या शाळेत काम धरलं. ज्यांनी वर्षानुवर्षं शिकवण्याविषयी सांगितलं, त्यांना ते पहिलीच्या मुलांसमोर पारखून पाहावंसं वाटलं. पुढे कितीतरी शिक्षक त्या शाळेत येऊन बसले, पाहून गेले, भांडूनही गेले. म्हणजे त्या शिक्षकांच्या शिक्षिका राहिल्याच. फक्त आता त्यांच्या प्रत्येक म्हणण्याच्या पाठीशी त्या आठवड्यातला वर्ग होता. अनुताई आणि लीलाताई दोन टोकांकडून निघाल्या आणि एकाच ठिकाणी पोचल्या, जिथे मुलं आणि शिक्षक दोघंही समोर असतात. मला वाटतं शिक्षकांच्या शिक्षकाचं घर तिथेच आहे.

मग आपण काय करू शकतो? मोठ्या योजना सुचवायला मी उभी नाही. पण शिक्षकांना शिकवणाऱ्या प्रत्येकाकडे, मग तो अधिव्याख्याता असो, साधनव्यक्ती असो की केंद्रप्रमुख, वर्षभर एक वर्ग असावा, असा माझा आग्रह आहे. दाखवण्यासाठीचा पाठ नको. आठवड्यातल्या दोन सकाळी, जवळच्या शाळेत, तीच मुलं, एकच विषय, जून ते एप्रिल. त्या वर्गाचा निकाल त्याच्या नावावर लागावा. अधिव्याख्यात्याला यातून पहिली-दुसरी कळेल, आणि शाळेतून आलेल्याची पाळंमुळं तुटणार नाहीत. शिवाय पहिलं वर्षभर नव्या माणसानं एकट्यानं प्रशिक्षण देऊ नये. मुरलेल्या प्रशिक्षकाबरोबर जोडीनं द्यावं, एकमेकांचे तास पाहावेत, संध्याकाळी बसून बोलावं : अमक्यानं विचारलं तेव्हा तू विषय का बदललास? छात्राध्यापकांच्या पाठांचं आपण इतकं निरीक्षण करतो. प्रशिक्षकाचं प्रशिक्षण मात्र कुणी पाहत नाही.

यावर केंद्रप्रमुख मला काय म्हणतील ते मला माहीत आहे. कैक पदं रिक्त आहेत, एकेकाकडे दोन-दोन, तीन-तीन केंद्रांचा भार आहे. शालेय पोषण आहाराची माहिती, यू-डायसची माहिती, तातडीचे व्हॉट्सॲप संदेश, दुपारी चारपर्यंत पाठवा. यातून वर्ग कधी घ्यायचा? त्यांचं म्हणणं खरं आहे. म्हणून ही मागणी मी त्यांच्याकडे करत नाही, त्यांच्या वतीनं करते. माहिती गोळा करायला माहिती भरणारा माणूस नेमा. ज्याला मुलाची चूक वाचता येते त्याला तक्ते भरायला बसवणं ही उधळपट्टी आहे, आणि ती परवडण्याइतके जाणते शिक्षक आपल्याकडे नाहीत.

राहिला प्रश्न परत जाण्याचा. प्रतिनियुक्ती संपून डाएटमधून शाळेत परतलेल्या शिक्षिकेकडे गावात कसं पाहिलं जातं, हे आपण जाणतो. ‘मोठ्या ऑफिसात होत्या, आता पुन्हा पहिलीला’ असं म्हटलं जातं. तिलाही ते आत कुठेतरी लागतं. पण त्या दिवशी तिच्याइतकं मौल्यवान माणूस त्या केंद्रात दुसरं कुणी नसतं. तिला मुलं शिकवता येतात आणि आपण काय करतो ते मोठ्यांना उकलून सांगताही येतं. तिच्या वर्गात दर महिन्याला केंद्रातले तीन-चार शिक्षक सकाळपासून बसू शकतात, दुपारी मुलांच्या वह्या मधे ठेवून तिच्याशी बोलू शकतात. याला नवा निधी लागत नाही आणि शासन निर्णयाची वाटही पाहावी लागत नाही. केंद्रातल्या शिक्षकांची या महिन्याची शिक्षण परिषद सभागृहात न घेता तिच्या वर्गात घ्यायची, एवढं केंद्रप्रमुखांनी ठरवलं तर ती येत्या महिन्यापासून सुरू होऊ शकते. इथे बसलेल्या केंद्रप्रमुखांपैकी कुणी हे करून पाहणार असेल तर पहिल्या दिवशी त्या वर्गात मागे बसायला मला बोलवा, मी येईन.